आतड्याचं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी जेवण आणि चौथ्या दिवशी घरी : हे कितपत सुरक्षित?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भलतीकडे जायला नको. बाबा ६६ वर्षांचे, जुना मधुमेह, मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात कॅन्सरची गाठ, हिमोग्लोबिन ८.९. ऑपरेशन दुर्बिणीतून, साधारण तीन आठवड्यांनी. हॉस्पिटलने एक छापील पत्रक दिलंय : भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत पाणी चालेल, त्याच संध्याकाळी खाटेवरून उठवू, दुसऱ्या दिवशी मऊ जेवण, सगळं ठीक असेल तर चौथ्या-पाचव्या दिवशी घरी. इकडे घरात सगळ्यांना आठवतंय ते काकांचं पंधरा वर्षांपूर्वीचं ऑपरेशन. नाकात नळी, पाच दिवस तोंडात पाण्याचा थेंब नाही, बारा दिवस मुक्काम. मावशी म्हणतात, इतक्या लवकर खायला घातलं तर आतले टाके उसवतील. तुम्हाला शंका आहे की हा खाटा रिकाम्या करायचा प्रकार आहे. आणि शेवटी विचारलंय, रजा किती काढू.

मी भूलतज्ज्ञ आहे, पोटाची मोठी ऑपरेशनं हे रोजचंच काम. बाबांना मी तपासलेलं नाही, त्यांचे रिपोर्ट पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांनी माझ्यापेक्षा वेगळं काही सांगितलं तर त्यांचं ऐका. मात्र पत्रकात लिहिलंय ते योग्यच आहे. याला ईआरएएस म्हणतात, म्हणजे ऑपरेशननंतर माणूस लवकर सावरावा म्हणून आखलेली पद्धत, काही जण फास्ट-ट्रॅक म्हणतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनला तर ही पद्धत फार चांगली लागू पडते. माझी अडचण वेगळीच आहे. पत्रक छापायला एक दिवस लागतो, ते वॉर्डात अमलात यायला वर्ष-दोन वर्षं लागतात. तेव्हा तुम्ही 'किती दिवसांत सोडणार' यापेक्षा 'पत्रकातलं काय काय खरंच करता' हे विचारायला हवं.

नव्वदच्या दशकात डेन्मार्कमधल्या हेन्रिक केलेट या सर्जननी एक साधा प्रश्न लावून धरला : ऑपरेशन तर नीट झालंय, मग हा रुग्ण आजही हॉस्पिटलात का आहे? उत्तरं शोधली तर तीच तीच निघाली. दुखतंय म्हणून, मळमळतंय म्हणून, आतडी हलेनात म्हणून, सलाइन चालू आहे म्हणून, पडून पडून अंगातली ताकद गेली म्हणून. आणि यातल्या निम्म्या गोष्टी आम्हीच निर्माण करत होतो! उपाशी ठेवायचो, म्हणून सलाइन. सलाइन भरपूर, म्हणून आतड्यांना सूज. दुखू नये म्हणून मॉर्फिन, त्याने आतडी आणखी सुस्त. आतडी सुस्त म्हणून नाकात नळी, आणि नळी आहे म्हणून माणूस उठत नाही. केलेट यांनी १९९७ मध्ये मांडलं की यातली एकच कडी तोडून भागत नाही, सगळ्या एकदम सोडवाव्या लागतात. पुढे २००१ मध्ये एडिंबराचे केनेथ फीअरन आणि स्टॉकहोमचे ओले युंगक्विस्ट यांनी युरोपातल्या काही सर्जनांचा गट जमवला, त्यातूनच आजची नियमावली वाढली.

काकांच्या वेळी हॉस्पिटलने 'जास्त काळजी' घेतली असं घरी वाटतंय ना, ते समजू शकते. त्या काळी बऱ्याच ठिकाणी तसंच चालायचं आणि कुणी हयगय केली असं नाही. शिवाय त्यांचं पोट उघडून ऑपरेशन झालं असणार. त्या बारा दिवसांची तुलना बाबांच्या चार-पाच दिवसांशी करू नका.

दिवसांचा हिशेब कसा असतो त्याचं एक चांगलं उदाहरण नेदरलँड्सचं आहे. तिथल्या नऊ हॉस्पिटलांत मोठ्या आतड्याच्या ४०० रुग्णांचे चार गट केले : दुर्बिणीतून की पोट उघडून, आणि दोन्हींत जुनी पद्धत की ही नवी. निष्कर्ष २०११ मध्ये आले. दुर्बीण आणि नवी पद्धत या गटाचा मुक्काम मधल्या आकड्याने, म्हणजे साधारण निम्म्यांचा त्याहून कमी आणि निम्म्यांचा जास्त असा, ५ दिवस. दुर्बीण आणि जुनी पद्धत ६, पोट उघडलेल्या दोन्ही गटांचा ७. परत भरती व्हावं लागलं तर तेही दिवस यात धरलेले आहेत. मला यातून दोन गोष्टी दिसतात. दुर्बीण आणि ही पद्धत यांची जोडी सगळ्यांत चांगली. पण फरक एक-दोन दिवसांचा आहे, चमत्कार नाही. म्हणून कुणी 'आम्ही तिसऱ्याच दिवशी सोडतो' असं मिरवायला लागलं की मी फारशी प्रभावित होत नाही.

पैशांची शंका अगदीच बिनबुडाची आहे असंही नाही. महात्मा फुले योजनेतून किंवा विम्याच्या ठरलेल्या पॅकेजमधून ऑपरेशन असेल तर रुग्ण चार दिवस राहो की आठ, हॉस्पिटलला रक्कम तीच. तिथे लवकर सोडण्यात त्यांचा फायदा आहेच. खोलीचं भाडं रोजच्या रोज लागत असेल तर गणित उलटं होतं. हेतू तपासत बसण्यापेक्षा ऑपरेशनच्या आधीच्या तीन आठवड्यांत हॉस्पिटल काय करतंय ते बघा. ज्यांना फक्त खाट रिकामी करायची असते ते आधीच्या तयारीवर वेळ घालवत नाहीत.

त्या तयारीवर जरा रेंगाळते, कारण बाबांच्या बाबतीत सगळ्यांत जास्त फायदा इथेच आहे. उजव्या बाजूच्या गाठीतून रोज थोडं थोडं रक्त झिरपतं, शौचातून डोळ्यांना दिसतही नाही, आणि लोह संपत जातं. ८.९ हिमोग्लोबिन घेऊन टेबलावर गेलं की रक्त चढवण्याची पाळी यायची शक्यता वाढते आणि नंतर उठायचं म्हटलं तरी दम लागतो. तपासणीत लोहाची कमतरता दिसली, आणि बहुतेक दिसेलच, तर शिरेतून लोह देता येतं. फेरिक कार्बोक्सीमाल्टोजसारखं औषध एक-दोन बैठकांत होतं. गोळ्यांवर विसंबायला तीन आठवडे अपुरे आहेत, आणि गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतो तो वेगळाच. हे इंजेक्शन ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दिलं तर नंतरच्या काळात थोडंफार उपयोगी पडेल, ऑपरेशनसाठी नाही. म्हणून डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा.

दुसरं, बाबांच्या मधुमेहाच्या गोळ्यांची यादी काढा. पाकिटावर डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असं काही दिसतंय का बघा, हल्ली ही औषधं फार सर्रास दिली जातात. ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी ती बंद करावी लागतात. उपाशीपोटी आणि ऑपरेशनच्या ताणात या औषधांमुळे रक्तात आम्लं साठू शकतात, आणि गंमत म्हणजे साखर फार वाढलेली नसते, त्यामुळे पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. मधुमेहाच्या डॉक्टरांना तारीख सांगा, ते बदली औषध देतील. आठवड्यातून एकदा घ्यायचं वजन-साखरेचं इंजेक्शन चालू असेल, सेमाग्लुटाइडसारखं, तर तेही भूलतज्ज्ञांना नक्की सांगा. त्याने पोट सावकाश रिकामं होतं, आणि मग ते दोन तासांचं पाणी वगैरे सगळं पुन्हा तपासावं लागतं.

तंबाखू, विडी, मिश्री जे असेल ते आजपासून बंद. चार आठवडे मिळाले तर उत्तम, तीनच असले तरी उपयोग होतो. रोज अर्धा तास चालणं, जिन्याचा एखादा मजला, आणि जेवणात अंडं, पनीर, डाळ, दूध, मासे यांतलं जे चालत असेल ते वाढवायचं. 'कॅन्सर आहे, जरा हलकंच खाऊ द्या' म्हणून माणसाला तीन आठवडे वरणाच्या पाण्यावर ठेवणारी घरं मी पाहते, तसं करू नका. फुप्फुसांच्या व्यायामाचं, श्वासाने आतले छोटे चेंडू वर उचलायचं प्लास्टिकचं यंत्र आत्ताच आणा आणि घरी सराव करू द्या. ऑपरेशननंतर दुखत असताना नवीन खेळणं कुणी शिकत नाही.

आता पाणी. 'रात्री बारानंतर निर्जळी' या नियमाच्या मुळाशी खरी भीती आहे. भुलीत पोटातलं उलटून फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं. न्यूयॉर्कच्या मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये बाळंतपणात भूल दिलेल्या बायकांबद्दल हे लिहिलं आणि धास्ती बसली ती बसलीच. पण घन अन्न आणि पाणी पोटात सारखा वेळ राहत नाहीत. साधं पाणी बहुतेकांच्या पोटातून तासाभरात पुढे सरकतं. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ पासूनच स्वच्छ द्रवासाठी दोन तास आणि हलक्या खाण्यासाठी सहा तास असा नियम लिहून ठेवलाय. मात्र स्वच्छ द्रव म्हणजे ज्यातून पलीकडचं दिसतं ते. पाणी, गाळलेलं सरबत, कोरा चहा. दुधाचा चहा यात येत नाही, तो खाण्यात मोजायचा, सहा तास. सकाळी सहाला 'अर्धा कपच दिला हो' असं सांगणारे नातेवाईक आम्हाला वारंवार भेटतात, आणि मग ऑपरेशनची वेळ पुढे जाते.

पत्रकात साखरेच्या पेयाचा उल्लेख असेल, ४०० मि.लि. पाण्यात साधारण ५० ग्रॅम कर्बोदकं. त्यामागचा विचार असा की उपाशी शरीर ऑपरेशनच्या धक्क्याने इन्सुलिनला दाद देईनासं होतं, थोडं इंधन घातलं तर हा परिणाम कमी होतो. मधुमेह नसलेल्यांना मी देते. जुना मधुमेह असेल तर मी साध्या पाण्यावरच थांबते. काही सहकारी बेतशीर इन्सुलिनबरोबर देतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. मात्र बाबांना जेवल्यावर तासन्‌तास पोट गच्च वाटतं, किंवा रात्रीचं खाल्लेलं सकाळी उलटून पडतं असं होत असेल, तर मधुमेहाने त्यांचं पोट मंदावलेलं असू शकतं. तेव्हा दोन तासांचा नियम लागू नाही. हे भूलतज्ज्ञाला आपणहून सांगा.

टेबलावर काय होतं ते तुम्हाला दिसणार नाही, पण त्यातल्या दोन गोष्टी नंतरच्या चार दिवसांवर थेट परिणाम करतात. एक सलाइन. नेहमीच्या सलाइनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं. पूर्वीच्या पद्धतीने दिवसाला तीन लिटर चढवलं म्हणजे २७ ग्रॅम मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. हे पाणी आतड्यांच्या भिंतींत साठतं, सुजलेलं आतडं हलत नाही आणि गाठीचा भाग कापून आतड्याची टोकं जिथे शिवतात तो जोडही सावकाश भरतो. म्हणून आम्ही मोजून देतो, तेही मीठ कमी असलेलं द्रावण. पण फार कोरडं ठेवणंही वाईट. २०१८ मध्ये आलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत हात फारच आखडता घेतलेल्या गटात मूत्रपिंडांना इजा ८.६ टक्के, मोकळेपणाने दिलेल्या गटात ५ टक्के. मधुमेह असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडांशी असला खेळ नको. माझा साधा पडताळा म्हणजे वजनकाटा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं वजन बघायचं. अडीच किलोच्या वर वाढ दिसली की पाणी जास्त झालंय, सलाइन काढा आणि प्यायला द्या. वॉर्डात काटा आहे का हे तुम्हीही बघून ठेवा.

दुसरी गोष्ट दुखण्याची. दुर्बिणीच्या ऑपरेशनला छिद्रं लहान असली तरी गाठ बाहेर काढायला एक छेद द्यावाच लागतो, दुखतं ते मुख्यतः तिथे. पोटाच्या स्नायूंच्या थरांत बधिरीचं औषध सोडलं की पहिले काही तास चांगले जातात. पाठीतून बधिरीचं औषध सोडणारी एपिड्युरल नळी उघड्या ऑपरेशनला फार उपयोगी, दुर्बिणीच्या ऑपरेशनला मी ती सहसा टाळते, कारण तिच्यामुळे रक्तदाब उतरतो, पाय जड पडतात आणि उठणं लांबतं. त्यापुढे पॅरासिटामॉल घड्याळाच्या ठोक्याला, दर सहा तासांनी. 'दुखलं तर मागा' असं नाही. आपल्याकडची माणसं मागत नाहीत, तिसऱ्या माणसाने विचारलं तरी 'ठीक आहे' म्हणतात, आणि दुखतं म्हणून खोकत नाहीत, उठत नाहीत. डायक्लोफेनॅकच्या जातीची औषधं मूत्रपिंडं आणि आतड्याचा जोड या दोन्हींचा विचार करूनच द्यायची. मॉर्फिन, ट्रामाडॉल लागलंच तर थोडं. उलट्यांचं औषध मात्र उलटी व्हायच्या आधीच, एकाऐवजी दोन प्रकारचं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. त्यामुळे छातीखालच्या पडद्याला चीड येते आणि दुखणं खांद्यात जाणवतं, एक-दोन दिवस राहतं. ते माहीत असू द्या, म्हणजे रात्री घाबरगुंडी उडणार नाही. छातीत दाब, घाम, दम असं काही असेल तर मात्र लगेच सिस्टरला सांगा, 'गॅसचं असेल' म्हणून थांबू नका.

संध्याकाळचं उठणं प्रत्यक्षात कसं असतं ते सांगते, कारण 'त्याच दिवशी चालवणार' ऐकून घरचे हबकतात. आधी खाट डोक्याकडून वर करतात. मग कुशीवर वळून, हाताने रेटा देऊन, पाय खाली सोडून कडेला पाच मिनिटं बसवतात. पोटाच्या बळावर उठायचंच नाही. एक जण नाडी-रक्तदाब बघतो, दुसरा लघवीची पिशवी आणि सलाइनचा स्टँड सांभाळतो. चक्कर नसेल तर शेजारच्या खुर्चीत. पहिल्या संध्याकाळी एवढंच, बहुतेकांना पुरे. दुसऱ्या दिवशी लघवीची नळी निघते आणि संडासापर्यंत, मग वॉर्डच्या टोकापर्यंत. उठण्याने टाके तुटत नाहीत. पडून राहण्याने मात्र फुप्फुसाचा तळ मिटतो, पायांत गुठळी धरते, आणि ६६व्या वर्षी गेलेली मांड्यांची ताकद परत यायला आठवडे लागतात. भेटायला येणाऱ्यांना एवढंच सांगा की 'झोपू द्या हो बिचाऱ्याला' हा सल्ला रात्री दहानंतर द्या.

आता मावशींचा मुद्दा, आणि तो गांभीर्यानेच घ्यायला हवा, कारण जुन्या सर्जनांचीही हीच भीती होती. आतडं कापून जोडलंय, त्यावरून अन्न गेलं तर जोड सुटेल. पण आपण काही खाल्लं नाही तरी आतडं कोरडं राहत नाही. लाळ, पोटातला रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, आतड्याचा स्राव मिळून रोज सात-आठ लिटर आत तयार होतं. बहुतेक वाटेत शोषलं जातं, तरी लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तिथून रोज लिटर-दीड लिटर पुढे जातंच. उजव्या बाजूच्या ऑपरेशनात जोड नेमका तिथेच असतो. त्यात वाटीभर पेज मिसळल्याने जोडावर निराळा ताण येत नाही. उलट जोड भरायला रक्त, प्रथिनं आणि हलणारं आतडं लागतं. नाकातली नळी सरसकट घालण्याने जोड वाचतो असंही अभ्यासांत दिसलं नाही, छातीचे त्रास तेवढे वाढले.

मग संध्याकाळी घोट घोट पाणी, दुसऱ्या दिवशी भाताची पेज, मुगाच्या डाळीचं पाणी, पातळ ताक, नंतर मऊ वरणभात, इडली, उकडलेलं अंडं. थोडं थोडं, पाच-सहा वेळा. 'डॉक्टरांनी जेवण सांगितलंय' म्हणून ताट भरून आग्रह नको, आणि दोन दिवस पावटा, चवळी, कोबी नको. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, त्यांना नको असेल तर थांबा. दहांपैकी एखाद्या रुग्णाची आतडी काही दिवस संप करतात, उजव्या बाजूच्या ऑपरेशननंतर हे जरा जास्तच दिसतं. पोट फुगतं, मळमळतं, हिरवट उलटी होते. तेव्हा खाणं बंद, आणि हो, तेव्हा नाकात नळीही घालावी लागते. याचा अर्थ पद्धत फसली किंवा लवकर खाल्ल्याने हे झालं असा नाही. अशा वेळी पत्रकातलं वेळापत्रक बाजूला ठेवायचं आणि रुग्णाकडे बघायचं. जे वॉर्ड हे करत नाहीत, पत्रकावर दुसरा दिवस लिहिलाय म्हणून फुगलेल्या पोटावर इडली देतात, त्यांच्यापेक्षा काकांच्या वेळची पद्धत बरी.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर : उपाशी कमी, सलाइन मोजकं, मॉर्फिन कमी, नळ्या लवकर बाहेर, माणूस उभा, पोटात थोडं अन्न. हे सगळं जमलं तर चौथा-पाचवा दिवस आपोआप येतो, तो ओढून आणावा लागत नाही.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते. आतड्याचा जोड गळायचा असेल तर तो बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आसपास लक्षात येतो, म्हणजे नेमका घरी जाण्याच्या सुमारास. ही पद्धत वापरल्याने गळती वाढत नाही, पण ती घरी असताना उघड होऊ शकते. म्हणून सोडताना दिवस मोजायचे नसतात. बाबा खाऊ-पिऊ शकतात का, वारा सरलाय का, दुखणं फक्त गोळ्यांवर आवाक्यात आहे का, आधीसारखे एकटे संडासला जाऊन येतात का, ताप नाही ना, आणि नाडी शांत आहे ना, हे बघायचं. त्यात मी नाडीला फार मान देते. माणूस म्हणतो 'मस्त आहे', पोट मऊ लागतं, आणि नाडी मात्र सकाळपासून ११०, असं असेल तर मी सर्जनला आज सोडू नका म्हणून सांगते. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी रक्तातलं सीआरपी, म्हणजे शरीरात सूज किंवा जंतुसंसर्ग असला की वाढणारं प्रथिन, बघायची पद्धत चांगली आहे. ऑपरेशननंतर ते वाढतंच, पण तोवर उतरणीला लागायला हवं. १५०च्या वर अडकलं असेल तर घरी पाठवण्याआधी कारण शोधायचं, गरज पडली तर सीटी स्कॅन.

आणि इथेच बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. घर हॉस्पिटलपासून वीस मिनिटांवर असेल तर चौथ्या दिवशी जा. गाव दीडशे किलोमीटरवर, रात्री गाडी मिळायची मारामार, घरी फक्त आई, असं असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि दोन-तीन दिवस शहरातच कुणा नातेवाइकांकडे राहा. ऑपरेशन दुर्बिणीने सुरू होऊन चिकटलेल्या आतड्यांमुळे पोट उघडावं लागलं तरी बाकीचं सगळं तसंच करायचं, फक्त दिवस पुढे ढकलायचे. आणि मधल्या काळात गाठीने आतडं अडून तातडीने ऑपरेशन करायची वेळ आली, तर त्या पोटाला दोन तास आधीपर्यंत पाणी वगैरे काही लागू होत नाही.

हॉस्पिटलला विचारायचं असेल तर मी हे विचारीन. बाबांच्या लोहाचं काय करताय? रात्रपाळीला वॉर्डात किती रुग्णांमागे किती सिस्टर असतात, आणि संध्याकाळी उठवणार कोण? घरी गेल्यावर रात्री दोन वाजता कोणत्या नंबरवर फोन करायचा, आणि तो उचलणाऱ्याला बाबांचं ऑपरेशन माहीत असेल का? दुसऱ्या दिवशी आपणहून फोन कोण करणार? शेवटच्या दोन प्रश्नांना 'ओपीडीत दाखवायला या' एवढंच उत्तर मिळालं, तर चौथा दिवस धरू नका, सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत थांबायचा आग्रह धरा. तेवढा हक्क तुम्हाला आहे.

घरी गेल्यावर पोटात वाढतं दुखणं, ताप, थंडी वाजून येणं, सारख्या उचक्या, उलट्या, पोट फुगून वारा बंद होणं, श्वास जड, एका पोटरीला सूज, यांतलं काहीही झालं तर फोन. 'कसंतरीच होतंय, जेवण नको' एवढं जरी बाबा म्हणाले आणि आदल्या दिवशी ते व्यवस्थित जेवत होते, तरी फोन. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटाच्या कातडीत टोचायची छोटी इंजेक्शनं बहुधा २८ दिवस देतात. ती घरी कोण देणार हे सुट्टी मिळण्याआधीच ठरवा आणि सिस्टरसमोर एकदा देऊन बघा.

रजेचं म्हणाल तर हॉस्पिटलात रोज दिवसभर बसायची गरज पडणार नाही, तिथे माणसं असतात. एखादा भाऊ, चुलतभाऊ रात्री राहील असं बघा. तुमची रजा बाबा घरी आल्याच्या दिवसापासून धरा आणि किमान आठवडाभर काढा. त्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ ताप आणि नाडी वहीत लिहायची, बाबांना अंगणात नाही तर गच्चीवर दिवसातून चार वेळा चालवायचं, आणि आईला रात्री झोपू द्यायचं.